विश्लेषण : दा. ध. कोसंबींचं १९४३ मधलं गणित आजच्या सेन्सरची बॅटरी कशी वाचवतं?

इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेले दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणिती होते. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवत असताना, ऐन दुसऱ्या महायुद्धात, त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यातलं गणित आज वायरलेस सेन्सरच्या जाळ्यांपासून चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत वापरलं जातं. बहुतेक पाठ्यपुस्तकांत मात्र ते दुसऱ्या दोघांच्या नावानं आहे. कोसंबी कोण होते, त्यांनी नेमकं काय मांडलं आणि मुंबईच्या पावसाशी त्याचा काय संबंध?

सेन्सरच्या जाळ्यात भांडण कशावरून होतं?

सुरुवात एका कबुलीनं करतो. हे नाव मला इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत एकदाही भेटलं नाही. शेवटच्या वर्षाचा आमचा प्रोजेक्ट वायरलेस सेन्सर नेटवर्कवर होता. मुलुंडच्या एका इमारतीच्या गच्चीवर आम्ही तापमान आणि आर्द्रता मोजणारे सहा नोड ठेवले होते. नोड म्हणजे तळहाताएवढं सर्किट, त्यावर सेन्सर, छोटा रेडिओ आणि खाली दोन पेन्सिल सेल. सहाव्या दिवशी सगळे बंद.

कारण साधं होतं. त्या काळी अशा नोडमध्ये सर्रास असणारी सीसी-२४२० ही रेडिओ चिप पूर्ण ताकदीनं बोलताना सुमारे १७ मिलिअ‍ॅम्पिअर वीज खाते आणि नुसतं ऐकताना सुमारे १९. म्हणजे काहीही न करता कान देऊन बसणं हे बोलण्यापेक्षा महाग. पेन्सिल सेलची क्षमता साधारण २५०० मिलिअ‍ॅम्पिअर-तास धरली, तर १९ नं भागून १३१ तास येतात. साडेपाच दिवस. आमचे नोड गणिताप्रमाणे वागले होते, आम्हीच गणित केलं नव्हतं.

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एकच माइक असतो, तसं या जाळ्यात सगळ्यांत मिळून रेडिओची एकच वाहिनी असते. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही ऐकू येत नाही, पुन्हा बोलावं लागतं, बॅटरी वाया जाते. कोणी कधी बोलायचं, कधी ऐकायचं आणि कधी झोपायचं हे ठरवणाऱ्या नियमांना मीडिया अ‍ॅक्सेस कंट्रोल, थोडक्यात मॅक म्हणतात. २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांडलेला एस-मॅक हा त्यातला गाजलेला नियम. सगळे नोड ठरलेल्या वेळी थोडा वेळ जागे राहतात, बाकी वेळ रेडिओ बंद. शंभरातला एकच भाग रेडिओ चालू ठेवला, तर तेच सेल कागदावर दीड वर्ष पुरतात.

आम्ही दुसऱ्या प्रयत्नात हे केलं. या वेळी जाळं तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकलं, पण मेला तो रिसीव्हरच्या सगळ्यात जवळचा नोड. तो स्वतःचं तर सांगत होताच, मागच्या पाचही जणांचे निरोप तोच पुढे देत होता. तो गेल्यावर मागचे पाच धडधाकट असूनही मुके झाले. वीज वाचवणं ही एक गोष्ट आणि ओझं सारखं वाटणं ही दुसरी, हे तेव्हा कळलं. यावर उपाय शोधताना एका निबंधाच्या तळटीपेत कोसंबी हे नाव दिसलं. मला वाटलं, आडनाव सारखं असेल. इतिहासवाले कोसंबी इथे कशाला येतील?

गोव्यातून हार्वर्डला

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातल्या कोसबें इथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. घरचं नाव बाबा. वडील धर्मानंद कोसंबी हे स्वतःच एका मोठ्या लेखाचा विषय आहेत. बौद्ध धर्म शिकायचा या एकाच ध्यासानं त्यांनी घर सोडलं, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले आणि पाली भाषेचे जगन्मान्य पंडित होऊन परतले. फर्ग्युसन कॉलेजात ते पाली शिकवत. हार्वर्ड विद्यापीठाला विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी असा माणूस हवा होता. १९१८ मध्ये धर्मानंद दुसऱ्यांदा अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर मोठी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर होता.

मुलाचं शालेय शिक्षण मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या शाळांत झालं. वडील परत आले तरी तो तिथे राहिला. १९२४ मध्ये केंब्रिज लॅटिन स्कूलमधून बाहेर पडला, मध्ये काही काळ भारतात येऊन गेला, १९२६ च्या सुरुवातीला पुन्हा हार्वर्डला गेला आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला. याच केंब्रिजमध्ये नॉर्बर्ट वीनर यांच्याशी त्यांची ओळख झाली. गोंगाटातून संदेश वेगळा कसा काढायचा याचं गणित पुढे ज्यांनी घडवलं, ते हे वीनर.

हार्वर्डमध्ये गणिताचे मोठे प्राध्यापक होते जॉर्ज बर्कहॉफ. त्यांनी या हुशार मुलाला एकट्या गणितावर लक्ष देण्याचा सल्ला दिला. मुलानं तो ऐकला नाही. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन असं जे समोर येईल ते तो शिकत गेला. आयुष्यभर कोसंबींबद्दल जी तक्रार होत राहिली, ती इथपासूनची आहे. गणितवाल्यांना वाटे, हे इतिहासात रमले. इतिहासवाल्यांना वाटे, हे गणितवाले आमच्या शेतात कशाला?

बनारस, अलिगढ, पुणे

१९२९ मध्ये परतल्यावर पहिली नोकरी बनारस हिंदू विद्यापीठात. १९३१ मध्ये नलिनी मडगावकर यांच्याशी लग्न झालं. त्याच वर्षी अलिगढ मुस्लिम विद्यापीठात गणित विभागाची घडी बसवायला आलेल्या आंद्रे वेय या तरुण फ्रेंच गणितज्ञानं त्यांना बोलावून घेतलं. वेय तेव्हा पंचविशीतले, कोसंबी चोविशीचे.

दोघांनी मिळून एक खोडी काढली, ती गणिताच्या इतिहासात राहिली आहे. एका सहकाऱ्याची जिरवायची म्हणून वेय यांच्या सुचवण्यावरून कोसंबींनी १९३१ मध्ये एक निबंध छापला आणि त्यात बूर्बाकी नावाच्या एका काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला. पुढे काही वर्षांनी वेय आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी याच टोपणनावानं गणिताची ग्रंथमाला लिहायला घेतली. बूर्बाकी हे नाव विज्ञानाच्या नियतकालिकात पहिल्यांदा छापून आलं ते असं, एका गोंयकाराच्या लेखात.

अलिगढला फार दिवस निभलं नाही. वेय गेले आणि १९३३ पर्यंत कोसंबीही फर्ग्युसन कॉलेजात आले. पुढची सुमारे १२ वर्षं ते तिथे शिकवत होते. संशोधनाचा भाग सोडला तर हा काळ बाहेरून अगदी साधा दिसतो. कॉलेजची शिकवणी, भांडारकर संस्थेच्या रस्त्यावरचं घर, टेकड्यांवर लांबलचक फेरफटके. याच काळात भूमितीतलं त्यांचं एक काम जर्मनीतल्या प्रतिष्ठित नियतकालिकात १९३३ मध्ये आलं आणि त्यावर एली कार्तां या दिग्गज फ्रेंच गणितज्ञानं टिपण लिहिलं. कोसंबी-कार्तां-चेर्न या नावानं तो विषय आजही शिकवला जातो.

हजारो नाणी का तोलली?

संख्याशास्त्र कोसंबींनी पुस्तकातून कमी आणि तराजूतून जास्त शिकलं असं म्हणायला हरकत नाही. चाळीसच्या दशकात त्यांनी प्राचीन भारतातली ठसे मारलेली चांदीची नाणी तोलायला घेतली. या नाण्यांवर राजाचं नाव नसतं, साल नसतं. मग कोणतं नाणं आधीचं हे ठरवायचं कसं?

त्यांचा विचार असा होता. नाणं हातोहात फिरतं तेव्हा झिजतं. एखादं नाणं किती झिजेल हे सांगता येत नाही, ते कुणाच्या थैलीत पडून राहिलं यावर आहे. पण एकाच टांकसाळीतून एकाच वेळी निघालेली शेकडो नाणी घेतली, तर त्यांचं सरासरी वजन काळाबरोबर ठरावीक गतीनं घटतं आणि वजनांतली तफावत वाढत जाते. हा नियम आधी त्यांनी चलनातल्या त्यांच्या काळच्या नाण्यांवर पडताळून पाहिला. मग तक्षशिलेच्या ठेव्यातली नाणी अचूक तराजूवर एकेक करून तोलली आणि वजनांवरून त्यांचा क्रम लावला. अशी हजारो वजनं त्यांनी घेतली. हे काम किती कंटाळवाणं असेल याची कल्पना ज्यानं एकदा तरी लॅबमध्ये शंभर रीडिंग घेतली आहेत त्याला येईल.

एकेकटं मोजमाप बेभरवशाचं असतं, पण त्या सगळ्यांच्या चढउतारात एक घडण लपलेली असते, ही जाणीव इथे दिसते. १९४३ च्या निबंधात तीच गणिताच्या भाषेत आली.

त्या निबंधात काय आहे?

निबंधाचं नाव, मराठीत सांगायचं तर, फलनांच्या अवकाशातलं संख्याशास्त्र. तो जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सातव्या खंडात आला.

फलन हा शब्द जड वाटला तर आलेख म्हणा. अंधेरीला दिवसभरात पाऊस कसा वाढला-कमी झाला याचा एक आलेख काढला. उद्याचा आलेख वेगळा असेल, परवाचा आणखी वेगळा. प्रत्येक आलेख असंख्य बिंदूंचा. अशा यदृच्छेनं बदलणाऱ्या आलेखांचं संख्याशास्त्र कसं करायचं? उत्तर असं की प्रत्येक आलेख काही ठरलेल्या मूळ आकारांची बेरीज म्हणून लिहायचा. पहिला आकार इतका, दुसरा इतका, तिसरा इतका. आकार नेहमीचे तेच, रोज बदलतात ते फक्त त्यांच्यापुढचे आकडे. आणि हे आकार मनाला येतील ते घ्यायचे नाहीत, जुन्या नोंदींतल्या परस्परसंबंधातून ते असे काढायचे की त्या आकड्यांचा एकमेकांशी संबंध उरणार नाही.

याचा फायदा काय? जे एका आकड्यानं सांगितलं ते दुसरा आकडा पुन्हा सांगत नाही. त्यामुळे थोड्याच आकड्यांत बरंचसं सांगून होतं. मोजके दोन-तीनच आकडे पाठवायचे ठरवले, तर सरासरी चूक सगळ्यात कमी ठेवणारी निवड हीच, असं या प्रमेयाच्या आधारे सिद्ध करता येतं.

याची मर्यादित आवृत्ती, म्हणजे आलेखाऐवजी मोजक्या आकड्यांच्या यादीसाठीची, आधीपासून होती. कार्ल पिअर्सन यांनी १९०१ मध्ये आणि हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये ती मांडली होती. कोसंबींनी ती सलग आलेखांच्या अनंत मितींच्या जगात नेली. पुढच्या पाच वर्षांत फिनलंडचे कारी कारुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच गाठलं, आणि तेही अधिक काटेकोर मांडणीसह. जगानं नाव ठेवलं कारुनेन-लोएव्ह प्रमेय.

यात कुणी चोरी केली असं नाही. १९४३ मध्ये युद्ध पेटलेलं होतं आणि पुण्यातल्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकाचा भारतीय नियतकालिकातला निबंध हेलसिंकीत कोण वाचणार? कोसंबींनी स्वतःही तो विषय पुढे लावून धरला नाही. अलीकडे काही ठिकाणी कोसंबी-कारुनेन-लोएव्ह असं लिहितात, पण आपल्याकडच्या सिग्नल प्रोसेसिंगच्या वर्गात ते अजून पोचलेलं नाही. निदान आमच्या वर्गात तरी नव्हतं.

मग बॅटरी वाचते कशी?

आता पुन्हा सेन्सरकडे येऊ. समजा एका डोंगरउतारावर २० नोड एका ओळीत आहेत. प्रत्येक जण आपलं मोजमाप शेजाऱ्याला देतो, शेजारी ते पुढे सरकवतो, शेवटी रिसीव्हर. सगळ्यात टोकाचा नोड प्रत्येक फेरीत १ निरोप पाठवतो, त्याच्या पुढचा २, आणि रिसीव्हरजवळचा २०. एकूण निरोप २१०. आमच्या गच्चीवर झालं ते हेच.

आता कोसंबींची युक्ती. शेजारशेजारचे २० सेन्सर बरेचसे एकसारखंच सांगत असतात, त्यामुळे त्यांच्या मोजमापांचा बहुतांश भाग समजा दोन मूळ आकारांत बसतो. प्रत्येक नोडला त्या दोन आकारांतला आपला वाटा आधीच सांगून ठेवायचा. नोड आपलं मोजमाप त्या वाट्यानं गुणतो, मागून आलेल्या बेरजेत मिळवतो आणि फक्त ती बेरीज पुढे देतो. दोन आकार, दोन बेरजा. म्हणजे प्रत्येक नोड दोनच निरोप पाठवतो, एकूण ४०. रिसीव्हर त्या दोन बेरजांवरून वीसही ठिकाणचे अंदाजे आकडे परत काढतो.

टोकाच्या नोडचं काम १ वरून २ झालं, म्हणजे त्याचा थोडा तोटाच. पण दारातल्या नोडचं २० वरून २ वर आलं. जाळं किती दिवस जगणार हे सगळ्यात आधी मरणाऱ्यावर ठरत असल्यानं हा सौदा फायद्याचा. शिवाय मॅकचं कामही हलकं होतं. कोण किती बोलणार हे आधीच ठरलेलं असल्यानं प्रत्येकाला वेळेचा ठरावीक तुकडा देता येतो. आपली पाळी आणि मागच्याची पाळी एवढ्यापुरतं जागं राहायचं, बाकी वेळ रेडिओ बंद करून झोपायचं.

मुंबईतली १७ वर्षं

१९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली आणि गणितासाठी कोसंबींना बोलावलं. संस्था तेव्हा पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात होती, नंतर गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात गेली. कोसंबींनी पुणं मात्र सोडलं नाही. डेक्कन क्वीननं सकाळी मुंबईला यायचं आणि संध्याकाळी परत जायचं, हा त्यांचा क्रम होता. मुलुंड-घाटकोपरच्या फलाटावर लोकलची वाट बघणाऱ्यांसमोरून ती गाडी धडधडत जाते, तेव्हा आतल्या एका खिडकीशी हा माणूस पुस्तक उघडून बसलेला असणार. अप-डाउनच्या वेळात काय होऊ शकतं याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेत गेले. विषय होता नव्यानं येऊ घातलेले इलेक्ट्रॉनिक संगणक. प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत राहिले, शिकागोला भूमिती शिकवली. १९४८ मध्येच त्यांनी संपादित केलेली भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आली. एकाच वर्षात संगणक आणि भर्तृहरी. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं आणि राजांच्या सनावळ्यांऐवजी शेती, अवजारं, जमीन आणि व्यापारी वाटांवरून इतिहास लिहिण्याची पद्धत रुजली. कार्ले, जुन्नरची लेणी व्यापारी मार्गांवरच का आहेत, हा प्रश्न त्यांनी नकाशा घेऊन आणि पायी हिंडून सोडवला.

नंतर भाभांशी बिनसलं. त्याची कारणं एकाहून जास्त आहेत. कोसंबी मार्क्सवादी होते, जागतिक शांतता चळवळीत सक्रिय होते, चीन-रशियाच्या फेऱ्या करत. जीभ तिखट होती आणि ती आवरायची त्यांना सवय नव्हती. पण मुख्य वाद विजेचा होता. भाभा देशाला अणुशक्तीकडे नेत होते आणि त्यांच्याच संस्थेतला हा प्राध्यापक जाहीरपणे सांगत होता की अणुवीज भारताला परवडणारी नाही, इथे मुबलक आहे ते ऊन, तेव्हा संशोधन सौरऊर्जेवर करा. १९६० मध्ये पुण्यातल्या व्याख्यानातही त्यांनी हाच मुद्दा मांडला. मोठ्या केंद्रातून तारांनी वीज नेण्यापेक्षा जिथे लागते तिथेच ती उन्हातून तयार करणं गरीब देशाला सोयीचं, असा त्यांचा रोख होता. सौर पॅनेलचे आजचे दर बघून त्यांना द्रष्टे ठरवणं सोपं आहे. तेव्हाचं तंत्रज्ञान पाहता भाभांकडेही उत्तरं होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट कोसंबींच्या अंगाशी आली. १९५९ मध्ये त्यांनी रीमान गृहीतक या गणितातल्या सर्वांत अवघड मानल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याचा दावा केला. मार्ग संभाव्यतेचा होता, आणि निबंध छापला होता कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. सिद्धतेत भोक होतं. ते गणितज्ञांनी दाखवलं, पण कोसंबींनी हट्ट सोडला नाही. भक्तांना हे प्रकरण अवघड वाटतं म्हणून ते गाळतात, पण गाळू नये. १९६२ मध्ये संस्थेनं त्यांचा करार पुढे वाढवला नाही.

१९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्यांना मानद शास्त्रज्ञ म्हणून नेमलं आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. अविभाज्य संख्यांवरचे काही निबंध त्यांनी या काळात एस. ड्यूक्रे या टोपणनावानं छापले. बूर्बाकीची खोडी म्हातारपणीही गेली नव्हती, फक्त म्हातारपण असं आलंच नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, हृदयविकारानं ते गेले. वय ५८. भाभा त्याच वर्षी जानेवारीत विमान अपघातात गेले होते.

नाव कुठे उरलं?

जनुकशास्त्रात. १९४४ मध्ये कोसंबींनी गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र दिलं. पिकांचे जनुक-नकाशे करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आजही कोसंबी हा पर्याय निवडता येतो. गंमत म्हणजे तो निवडणाऱ्या अनेकांना हे इतिहासवाले कोसंबी आहेत हे माहीत नसतं. टपाल खात्यानं २००८ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढलं.

मुंबईत हे गणित कुठे अडेल?

हा प्रश्न कागदावरचा नाही. घाटकोपरला जुलै २००० मध्ये आणि साकीनाक्याला २६ जुलै २००५ रोजी दरड कोसळून अनेक माणसं गेली. केरळात मुन्नारजवळ अमृता विद्यापीठानं दरडीचा आधी इशारा देणारं वायरलेस सेन्सरचं जाळं उभारलं आहे. आपल्या उपनगरांतल्या उतारांवर तसं काही करायचं झालं, तर वीज आणि जागा दोन्हींची टंचाई असेल, त्यामुळे निरोप कमी करावेच लागतील. बॅटरीला छोटं सौर पॅनेल जोडलं तरी इशाऱ्याची गरज असते नेमकी पावसाळ्यात, आणि तेव्हा ऊन नसतं. अडचण पुढची आहे.

कोसंबींचे मूळ आकार जुन्या नोंदींतून निघतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आत. आधीच्या वर्षांच्या नोंदींवरून काढलेले दोन-तीन आकार घेऊन बसलेल्या जाळ्याला असा दिवस सांगताच येत नाही. ते सांताक्रूझचा आकडा खाली ओढतं, कुलाब्याचा वर नेतं आणि सरासरीला बरं दिसणारं काहीतरी रिसीव्हरला कळवतं. सरासरी चूक कमीत कमी ठेवण्याची हमी वर्षभरासाठी असते, त्या एका दुपारसाठी नाही.

त्यावर उपाय अभ्यासकांनी सुचवला आहे आणि तो मॅकच्या पातळीवरचा आहे. रिसीव्हर आपला अंदाज उलट दिशेनं नोडना कळवतो. ज्या नोडला तो अंदाज आणि स्वतःचं मोजमाप यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक दिसतो, त्यानं पाळीची वाट न बघता खरा आकडा पाठवायचा. त्यासाठी प्रत्येक फेरीच्या शेवटी वेळेचा एक छोटा तुकडा सगळ्यांसाठी मोकळा ठेवावा लागतो, आणि त्या तुकड्यात सगळ्यांना जागं राहावं लागतं, कुणी बोललं नाही तरी. एरवी वर्षभर त्यात थोडी बॅटरी रिकामी जळत राहते. तो तुकडा किती मोठा ठेवायचा हे ठरवताना २६ जुलैची नोंद समोर ठेवावी लागेल.